आत्याने धरलेला दात

माझी धाकटी आत्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचे साचे ओततात, साच्यावर मेण चढवतात आणि मेणात एकेक दात बसवतात. हे शेवटचं काम आत्याचं. हातात सदान्‌कदा चिमटा, म्हणून लॅबमध्ये तिचं नावच चिमटा पडलं. घरच्यांच्या मते नाव चिमट्यामुळे पडलं नाही, स्वभावामुळे पडलं. एकदा पकडलं की ती सोडत नाही.

आतोबा गेले तेव्हा ती चाळिशीत होती. मूलबाळ नाही. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ती लॅबमध्ये दातांशी बोलायची. समोरच्या मापावरून माणूस कसा असेल ते ठरवायची आणि दात लावता लावता त्याच्याशी हळू आवाजात गप्पा मारायची. हे तिने फक्त एका माणसाला सांगितलं होतं, थोरल्या आत्याला, आणि तेही पत्रात. थोरली परदेशी असते. लॅबमध्ये सगळ्यांचा मिळून एक कंप्युटर आहे. जेवणाच्या सुट्टीत आत्या त्याच्यावर बसून थोरलीला मेल टाईप करायची.

शेजारच्या टेबलावर पॉलिशचं काम करणारी बाई होती. तिला सगळे साखरबाई म्हणायचे, बोलणं इतकं गोड. आत्याचा आणि तिचा डबा एकत्र. आतोबांच्या आजारपणात तिने आत्याच्या वाटचं कामही केलं होतं. आत्या तिला सख्ख्या बहिणीसारखं मानायची, असं मी म्हटलं तर आत्या आजही मला गप्प बसवते.

एक दिवस मालकाने सगळ्यांना टेबलं सोडून मधे बोलावलं. मालक मूळचा दात विकणारा, म्हणजे कंपनीचे तयार दात घेऊन दवाखान्यांतून फिरणारा. त्याला नकला चांगल्या यायच्या आणि समोर माणसं असली की जास्तच चांगल्या यायच्या. त्याच्या हातात एक कागद होता. आत्याच्या किंचित घोगऱ्या आवाजात त्याने वाचायला सुरुवात केली.

"ताई, आज एका आजोबांचे दात लावले. पुढचा एक दात सारखा कलत होता. मी म्हटलं, बसा हो आजोबा, सरळ बसा, आता घाई कसली आहे तुम्हाला. मग बसले बाई."

लोक हसले. साचे ओतणारे प्लास्टरवाले काका तेवढे खाली बघत राहिले. पुढे पत्रात आतोबांबद्दल होतं, तेही मालकाने वाचलं. अंथरुणाच्या त्यांच्या बाजूला आत्या अजून उशी ठेवते, हे वाचताना त्याने उशी थोपटल्यासारखा हात केला. सगळ्यात शेवटी, 'आमचा मालक दाताचा माणूस नाही, नुसता दात विकणारा आहे' हे वाक्य आलं. ते मात्र त्याने स्वतःच्या आवाजात वाचलं.

दुसऱ्या दिवशीपासून आत्या प्लास्टरच्या टेबलावर. काकांच्या हाताखालचं, नवीन आलेल्या पोरापोरींना देतात ते काम. आणि दात लावायच्या टेबलावर साखरबाई. कागद कोणी छापून नेऊन दिला हे कोणी सांगायची गरज उरली नाही. साखरबाई दुपारी डबा घेऊन आलीच होती. म्हणाली, "अगं, मला काय कल्पना, ते असं करतील म्हणून."

आत्याने डबा उघडला, जेवली, डबा धुतला आणि घरी आली. रडली नाही. मी भेटायला गेले तर भांडी घासत होती.

"नोकरी सोड," मी म्हटलं.

"सोडून काय होईल? हसणारे हसले, ते हसलेच ना. मी गेले तर आणखी हसतील."

"मग काय करणार आहेस?"

"दोघांचे दात घशात घालणार आहे," ती म्हणाली. "त्यांच्याच हाताने. माझ्या नाही."

मला तेव्हा ते बोलणं रागाचं वाटलं. आत्याचा राग मात्र ओरडून निघून जाणारा नव्हताच कधी. ती डूख धरून बसते.

आमच्या भागातल्या सार्वजनिक लायब्ररीत रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी प्रोग्रॅमिंगचा फुकट वर्ग चालायचा. आत्याने नाव घातलं. सुरुवातीला तिला एवढंच हवं होतं, की आपण लिहिलेलं पुन्हा कोणाच्या हाती लागू नये. फाईलला पासवर्ड लावता येतो, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. "पासवर्ड लावला तर काही दिसतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर कोण जळतं? दिसायला हवं आणि कळायला नको."

तिसऱ्या-चौथ्या रविवारी शिकवणाऱ्या मॅडमनी नेमका तोच धडा घेतला. प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवायचं. तीन घरं म्हटलं तर 'क'च्या जागी 'घ'. वाचणाऱ्याला आकडा माहीत असेल तर तो तितकीच घरं मागे येऊन मूळ मजकूर वाचणार. आत्या तिथून थेट आमच्याकडे आली आणि माझा जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसली.

तिने पहिल्यांदा टाईप केलेलं वाक्य होतं 'हसू नका'.

प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एक काना आला. नुसता काना, मागेपुढे काही नाही.

"एवढं लिहिलं आणि पदरात काना," आत्या म्हणाली.

ती बराच वेळ त्या कान्याकडे बघत बसली. प्रोग्रॅम एकेक अक्षर घेत होता, सरकवत होता आणि एका डब्यात ठेवत होता. पण ठेवताना आधीचं अक्षर फेकून देत होता. शेवटी डब्यात उरला तो 'का'चा काना. जुन्याला नवीन जोडायचं, बदलायचं नाही, हे तिला कळलं तेव्हा ती हसली. तो प्रकार घडल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुसऱ्यांदा चालवलं तर 'नका'चं 'फघा' झालं, आणि 'हसू'च्या जागी लोंबते ठिपके आणि रिकामे गोल. उलट सरकवून बघितलं तर 'नका' परत आलं, ठिपके तसेच राहिले.

"हसू गेलं," आत्या म्हणाली. "नका तेवढं उरलं."

"काहीतरी चुकतंय."

"चुकतंय ते दिसतंय मला. का चुकतंय ते सांग."

"ते मॅडमनाच विचार," मी म्हटलं. मग तिने एकेक शब्द घालून बघायला सुरुवात केली, जशी ती कवळी तोंडात नीट बसत नसली की नेमका कुठला दात टेकतोय ते शोधते. 'काल' घातलं. 'घाव' आलं. ती थांबली. काल आणि घाव, तिने दोनदा म्हणून बघितलं. मग बोटांवर मोजलं, ल, व, श, ष. "तीन घरं पुढे 'ष' यायला पाहिजे. 'व' कसा आला?"

पुढच्या रविवारी मॅडमनी उलगडा केला. कंप्युटरच्या पोटात अक्षरांची जी रांग आहे ती आपल्या शाळेतली नाही. तिथे 'न' नंतर 'प' येत नाही, मधे एक टिंब असलेला 'न' बसलाय. 'र' नंतर 'ल' नाही, मधे आणखी एक 'र' आहे. 'ळ' भलतीकडेच, 'ल'ला चिकटून. आणि 'ह' संपला की पुढे अक्षरंच नाहीत, ठिपके आणि खुणा आहेत. 'स' आणि 'ह' तीन घरं पुढे गेले की सरळ त्या खड्ड्यात.

आत्याने आमच्याकडे येऊन स्वतःची रांग लिहिली. शाळेत म्हणायचो तशी, क पासून ह पर्यंत. प्रोग्रॅमला सांगितलं की ह्याच रांगेत मोज. आता 'काल'चं 'घाष' झालं.

"घाव बरा होता," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

पुढे 'हसू'शी आल्यावर प्रोग्रॅम लाल अक्षरं दाखवून बंदच पडला. रांग संपते, तिथून पुढे कुठे जायचं त्याला कळेना. इथे मात्र मी उपयोगी पडले. घड्याळात बारानंतर तेरा वाजत नाहीत, एक वाजतो, तसं कर म्हटलं. रांगेच्या लांबीने भागून बाकी घ्यायची. आत्याने ती ओळ लिहिली, आणि 'ह' गपचूप फिरून पुन्हा 'क'च्या बाजूला आला.

सगळं झालं म्हणून तिने हौसेने 'कवळी' घातलं. 'घसळी' आलं. क सरकला, व सरकला, ळ जागचा हलेना.

"हा कोण शहाणा?" आत्याने चष्मा वर केला. मग स्वतःच्या रांगेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली आणि कपाळावर हात मारला. 'ह' नंतर 'ळ' लिहायचाच राहिला होता. "आयुष्य गेलं कवळ्या करण्यात, आणि ळ विसरले."

ळ घातला. प्रोग्रॅम पुरा झाला. चहा गार झाला होता, तो तिने तसाच प्यायला. मग म्हणाली, "आता हा कुठूनही उघडता येईल असा ठेवायचा. मॅडमनी एक वेबसाईट दाखवली आहे."

"थोरल्या आत्याला पाठवणार ना?"

"तिलाही पाठवीन," आत्या म्हणाली.

पुढचं मला तिच्याकडून आणि प्लास्टरवाल्या काकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं.

ती रोज जेवणाच्या सुट्टीत कंप्युटरवर बसायला लागली आणि उठताना एक फाईल पडद्यावर उघडी ठेवून जायला लागली. लपवाछपवी नाही. चार-पाच ओळी, अक्षरं मराठी, अर्थ शून्य. साखरबाईची मान दुसऱ्या टेबलावरून लांब व्हायला लागली. काका म्हणतात, बाई पाणी प्यायला उठायची ती कंप्युटरला वळसा घालून जायची, आणि दिवसाला इतकं पाणी उंटही पीत नसेल.

शेवटी तिच्याने राहवेना. "काय गं हे? कुठली भाषा?"

"माझा अभ्यास आहे. क्लासचा."

"पण लिहिलंय काय?"

"काही नाही गं," आत्या गोड आवाजात म्हणाली. साखरबाईच्याच गोड आवाजात.

त्या फायलींत खरंच काही नव्हतं. मीठ, साबण, गॅसवाल्याला फोन. पण साखरबाई कागदावर उतरवून नेत होती, घरी जाऊन जोड्या लावत होती, आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी दात लावत होती. तिचा हात मुळात पॉलिशचा. दात लावणं वाईट नव्हतं, पण कच्चं होतं. त्यात लक्ष उडालेलं. कवळ्या परत यायला लागल्या. बोलताना वाजतात, हसताना सुटतात. मालक डॉक्टरांना फोनवर सांगायचा, "हात तोच आहे हो, पेशंटच्या हिरड्या बदलल्या असतील."

त्याच्याकडे सगळ्यात जास्त काम पाठवायच्या त्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई. एका सकाळी त्यांचा मेल आला, की बुधवारी दोन कवळ्या घेऊन मी स्वतः येते. मेल सगळ्यांच्या त्या एका कंप्युटरवर आला, सगळ्यांनी वाचला. आत्याने त्या दिवशी घरी बसून एक मजकूर लिहिला, तीन घरं पुढे सरकवला, आणि पुन्हा तीन घरं मागे आणून नीट येतो का ते किती वेळा बघितलं देव जाणे.

बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या. दोन्ही कवळ्या मालकासमोर ठेवल्या. "तुमच्याकडच्या त्या जुन्या हाताचं काम मी ओळखते, आणि हे ते नाही," त्या म्हणाल्या.

मालकाने हिरड्यांचं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि साखरबाईने जे त्याच्या कानात कित्येक दिवस घातलं होतं ते त्याच्या तोंडात आलं.

"खरं सांगू, डॉक्टर? घरचाच भेदी आहे. साचे ओततात त्या बाईंनीच घोळ घातलाय. बाहेरच्या लॅबला गुप्त भाषेत काहीतरी कळवत असतात. बघा, हे बघा, आत्ताही उघडं आहे." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. मग आवाज चढवून आत्याला हाक मारली. सगळे टेबलं सोडून मधे आले. साखरबाई सगळ्यात पुढे.

आत्या प्लास्टरच्या हातांनीच आली.

"काय लिहिलंय हे? सगळ्यांसमोर उलगडून दाखवा."

"दाखवते," आत्या म्हणाली. "पण वाचा तुम्ही. तुम्ही छान वाचता."

तिने वेबसाईट उघडली, मजकूर चिकटवला, आकडा घातला आणि बटण दाबलं. पडद्यावर पहिल्यापेक्षा भयंकर गिचमीड आली. कोणीतरी फिसकन हसलं. मालक डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बघितलंत?"

आत्या मला नंतर म्हणाली, की त्या क्षणी तिला वाटलं, सगळे दोष काढले, सगळं तपासलं, आणि आता हे काय. मग तिने आकड्याकडे बघितलं. तीन. मागे यायचं तर उणे तीन. घाईत तिने उण्याची खूण घातलीच नव्हती, त्यामुळे मजकूर आणखी तीन घरं पुढे गेला होता. तिने पांढऱ्या बोटाने ती खूण दाबली.

मजकूर आला. मालकाने घसा साफ केला, आणि सवयीने, त्याच घोगऱ्या आवाजात, सुरुवात केली.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या हातातल्या कवळ्या मी केलेल्या नाहीत. मला दात लावायच्या टेबलावरून उठवलं, त्याला काही महिने झाले. तुम्हाला फोनवर 'हात तोच आहे' असं सांगतात, ते खोटं..."

तो थांबला. नक्कल अर्ध्यावर राहिली, तोंड तसंच उघडं.

"वाचा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हे म्हणजे, बाईंनी काहीतरी..."

"छान वाचत होतात. पुढे वाचा."

त्याची दातखीळ बसली. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि उरलेलं स्वतः, त्यांच्या साध्या आवाजात, मोठ्याने वाचलं. त्यात आत्याचं पत्र कोणी चोरलं, कोणी वाचलं आणि त्याच्या बदल्यात टेबल कोणाला मिळालं, एवढंच होतं. शिवी नव्हती, तक्रार नव्हती. शेवटी लिहिलं होतं, 'हा मजकूर मालकांनी स्वतः उघडायला लावला आणि स्वतः वाचला. मी तुम्हाला एक शब्द बोलले नाही.'

डॉक्टरीणबाईंनी साखरबाईला विचारलं, "या कवळ्या तुम्ही केल्या?"

साखरबाई हो म्हणाली आणि रडायला लागली. प्लास्टरवाले काका सांगतात, तेव्हा त्यांनी आत्याकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, ती नजर खाली घालेल. तिने घातली नाही. ती साखरबाईचं रडणं शेवटपर्यंत बघत उभी राहिली, जसं एखादं काम नीट झालंय की नाही ते बघतात.

डॉक्टरीणबाईंनी काम काढून घेतलं. त्यांचं बघून आणखी दोघा डॉक्टरांनी काढलं. मालकाने आत्याला दुसऱ्याच दिवशी नारळ दिला, आणि काम आटल्यावर साखरबाईलाही. डॉक्टरीणबाईंनी आत्याला दुसऱ्या एका लॅबचा पत्ता दिला, पण शब्द टाकला नाही. तिथे तिला पुन्हा प्लास्टरपासून सुरुवात करावी लागली. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते काकांचं. त्यांचीही नोकरी गेली होती, आणि त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. आत्या त्यांच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही.

साखरबाई एका स्टेशनरीच्या दुकानात लागली. आत्याला कळलं. तेव्हापासून ती अधूनमधून वाकडी वाट करून तिथे जायची आणि एक खोडरबर घ्यायची. फक्त खोडरबर. साखरबाईला वाकून खालच्या कप्प्यातून काढून द्यावं लागायचं. एकदा मी बरोबर होते.

साखरबाईने खोडरबर काचेवर ठेवलं आणि म्हणाली, "एक विचारू? त्या रोजच्या फायलींत काय असायचं?"

आत्याने पाकीट उघडलं.

"मी खूप प्रयत्न केला गं. झोप लागायची नाही. एकदा सांग, म्हणजे सुटले."

"सुटे आहेत का तुझ्याकडे?" आत्या म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "सांगायचं की. मीठ आणि साबण तर होतं. किती दिवस धरणार?"

"ती माझ्या उशीवर हसली," आत्या म्हणाली. "मालक सगळ्यांवरच हसतो, त्याचं मला एवढं नाही. पण ती उशी तिने स्वतः बघितली होती. ह्यांच्या आजारपणात तिनेच ती मांडून दिली होती. आणि तरी हसली."



मग साखरबाई मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. दुकानात दुसरीच मुलगी उभी होती. आत्याने खोडरबर घेतलं नाही, हात हलवत परत आली. काही दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडायचं, थोरलीच्या फोनवर नुसतं हं हं करायची. मोठं काम संपल्यावर माणूस रिकामा होतो, तशी झाली होती. पश्चात्ताप म्हणावं तर तोही नव्हता. मी विचारून बघितलं होतं.

आता नव्या लॅबमध्ये तिला दात लावायचं टेबल परत मिळालंय. रविवारचा वर्ग तिने सोडला नाही. कुठल्या पेशंटला दाताचा कुठला रंग शोभेल ते वय आणि कातडीच्या रंगावरून सांगणारा एक प्रोग्रॅम ती लिहिते आहे. काल फोन आला होता.

"म्हाताऱ्यांना पोरांसारखे पांढरेशुभ्र दात देतोय मेला," ती म्हणाली. "कुठेतरी मोठं-लहानचं चिन्ह उलटं पडलंय. येतेस का बघायला?"